त्याच वाटेने, त्याच वेळी

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात मुसळधार पाऊस चालला होता. एस.टी.ची एक गाडी नेहमीच्या रस्त्याने माळीण गावापाशी आली आणि ड्रायव्हर चमकला. समोर गावच दिसेना! जिथे घरांची छपरे दिसायची तिथे चिखल, दगड आणि मोडलेली झाडे यांचा ढीग पसरलेला. मागचा डोंगर खाली उतरला होता. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळली ती त्या ड्रायव्हरमुळे.

कोणी परका प्रवासी त्या रस्त्याने प्रथमच चालला असता, तर पावसाळ्यातली एक चिखलाची उतरण एवढेच त्याला दिसले असते. अशा उतरणी सह्याद्रीत पुष्कळ, असे मनाशी म्हणून तो पुढे गेला असता. ड्रायव्हरला मात्र कळले, कारण तो त्या वाटेने नेहमी येणारा होता. पूर्वीचे चित्र त्याच्या मनात होते आणि आजचे डोळ्यांपुढे होते. ह्या दोन चित्रांतला फरक हीच बातमी होती.

वाचकहो, हा लेख माळीणवर नाही. आकाशातल्या एका उपग्रहावर आहे. पण त्या ड्रायव्हरला विसरू नका. पुढे जे काही सांगायचे आहे, त्याचे मर्म त्याच्यापाशी आहे.

माळीणच्या दुर्घटनेला बरोबर अकरा वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० जुलै २०२५ रोजी, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जी.एस.एल.व्ही.-एफ १६ हे रॉकेट ‘निसार’ नावाचा उपग्रह घेऊन वर गेले. तारखेचा हा निव्वळ योगायोग. आमच्या घरी ती चहाची वेळ होती. चिरंजीव फोनवर उड्डाण पाहत होते आणि शेजारी मातोश्री वाती वळत बसल्या होत्या.

“एवढा खर्च करून वर पाठवलंय, ते तिथून काय बघणार रे?” आईने विचारले.

“अगं आजी, जमिनीवर लक्ष ठेवणार. रात्रीसुद्धा, आणि ढगांतूनसुद्धा!”

“रात्री? मग दिवा नेलाय का बरोबर?”

चिरंजीव खो खो हसले. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला मीही त्यांच्या हसण्यात सामील झालो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत हा विनोद म्हणून सांगितला. आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी हसले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “सर, तुमच्या आईंनी अर्धे रडार सांगून टाकले. उरलेले अर्धे मी सांगतो.”

त्यांच्याकडून जे ऐकले आणि नंतर वाचून, विचारून जे समजून घेतले, ते माझ्यासारख्या बिगरशास्त्रीय वाचकाला कळेल अशा भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

दिवा बरोबर नेलेला

वरून पृथ्वीचे फोटो घेणारे उपग्रह आता नवे राहिलेले नाहीत. पण त्यांतले बहुतेक आपल्या साध्या कॅमेऱ्याचे मोठे भाऊ. सूर्याचा उजेड जमिनीवर पडायचा, तो परतून वर जायचा आणि त्याचे चित्र उमटायचे. म्हणजे रात्र झाली की काम बंद. ढग आले की काम बंद. आता आपल्याकडचा हिशेब पाहा. पूर येणार पावसाळ्यात, दरडी कोसळणार पावसाळ्यात, खरिपाचे पीक उभे राहणार पावसाळ्यात. आणि नेमका त्याच वेळी आकाशावर ढगांचा पडदा! २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरचे लोक घरांच्या गच्च्यांवर अडकून पडले होते, तेव्हा कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठवर पसरले आहे हे वरून पाहू म्हणणाऱ्या कॅमेऱ्याला ढगांची पांढरी पाठच दिसणार.

रडार ह्या अडचणीवर दोन तऱ्हांनी मात करते. पहिली तऱ्हा आईने सांगितलीच. रडार स्वतःचा दिवा स्वतःबरोबर नेते. उपग्रह रेडिओलहरींचा एक झोत जमिनीकडे सोडतो आणि तो आपटून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. सूर्य उगवलेला असो वा मावळलेला, त्याला त्याचे काही नाही.

दुसरी तऱ्हा लहरीच्या लांबीची. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी बारीक. ढगातला पाण्याचा कण तिच्या मानाने धोंड्यासारखा मोठा. त्यावर आपटून ती विखुरते, म्हणून ढग आपल्याला पांढरा दिसतो. निसारवर दोन रडारे आहेत. एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला ढगातला कण म्हणजे हत्तीच्या वाटेतली मुंगी. ढग आहे हे तिला जाणवतसुद्धा नाही!

दोन रडारे कशाला, असे मीही विचारले. लहर जेवढी लांब, तेवढी ती पानापाचोळ्याला कमी जुमानते. आखूड लहर झाडाच्या शेंड्यावरच्या पानांना आपटून परत फिरते. २४ सेंटिमीटरची लहर पाने ओलांडून फांद्या, खोड आणि कित्येकदा खालच्या जमिनीपर्यंत पोचते. नऊ सेंटिमीटरची लहर उलट उभे पीक, गवत, झुडपे अधिक चांगली ओळखते. लांब लहरीचे रडार अमेरिकेच्या नासा संस्थेने कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे केले, आखूड लहरीचे आपल्या इस्रोने अहमदाबादेत. ह्या दोघींचा करार सप्टेंबर २०१४ मध्ये झाला. नासा-इस्रो सिंथेटिक अपर्चर रडार ह्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘निसार’. ऐकताना मात्र एखाद्या गझलेतला शब्द वाटतो!

वीस किलोमीटरची अँटेना

विहीर किती खोल आहे हे पाहायला आपण वरून खडा टाकतो आणि ‘डुबुक्‌’ ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो. रडार तेच करते. लहर एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जाते. उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवर, आणि तो पाहतो तिरके, खालच्या बाजूला डावीकडे. म्हणजे लहरीला जाऊन येऊन अठराशे-दोन हजार किलोमीटर पडतात. सहा-सात सहस्रांश सेकंदांत प्रतिध्वनी दाराशी हजर! कोणता प्रतिध्वनी आधी आला आणि कोणता मागून, यावरून कोणती जागा जवळ आणि कोणती दूर हे कळते.

तिरके का पाहायचे? सरळ खाली पाहिले, तर डावीकडच्या दहा किलोमीटरवरचा आणि उजवीकडच्या दहा किलोमीटरवरचा प्रतिध्वनी एकाच क्षणी येईल. कोणता कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून मान एकीकडेच वळवायची.

पण ह्याने एका दिशेचा प्रश्न सुटला. उपग्रह ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेला बारकावा कसा आणायचा? इथे खरी मेख आहे. रडारचा झोत दूर जाता जाता पसरतो, जसा टॉर्चचा उजेड पसरतो. तो अरुंद ठेवायचा तर अँटेना मोठी लागते. निसारच्या अँटेनाचा व्यास १२ मीटर. तरीसुद्धा २४ सेंटिमीटरच्या लहरीचा झोत जमिनीवर पोचेतो अठरा-वीस किलोमीटर पसरतो. म्हणजे एक अख्खे शहर हा चित्रातला एक ठिपका! दहा मीटरचा तपशील दिसायला हवा असेल तर अँटेना सुमारे वीस किलोमीटर लांब हवी. चर्चगेटपासून जवळजवळ अंधेरीपर्यंत. ती वर नेणार कोण?

ह्यावरची युक्ती कार्ल वायली नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला १९५१ साली सुचली. आपल्याकडे अंधगजन्याय प्रसिद्ध आहे. आंधळ्यांनी हत्ती चाचपला. एकाला तो खांब वाटला, एकाला सूप, एकाला दोर. त्यांचे भांडण झाले ते प्रत्येकाने एकाच जागी उभे राहून हात लावला म्हणून. त्यांतला एकच जण हत्तीच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत चाचपत चालत गेला असता, प्रत्येक स्पर्श लक्षात ठेवला असता आणि शेवटी सगळे स्पर्श जुळवले असते, तर डोळ्यांवाचूनही त्याला अख्खा हत्ती कळला असता.

रडार तेच करते. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो. जमिनीवरची एखादी जागा, समजा तुमच्या गावचे देऊळ, त्याच्या पसरट झोतात दोन-तीन सेकंद राहते. तेवढ्यात उपग्रह हजारो वेळा लहर सोडतो आणि हजारो प्रतिध्वनी नोंदवून ठेवतो. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिटी उंच स्वरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की स्वर उतरतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ऑस्ट्रियातील डॉप्लर ह्या शास्त्रज्ञाने १८४२ साली ह्याचे कारण सांगितले. तसाच हा देवळाचा प्रतिध्वनी, देऊळ पुढे असताना चढ्या स्वराचा आणि मागे पडल्यावर उतरत्या स्वराचा असतो. स्वराचा हा चढउतार प्रत्येक जागेचा आपापल्या वेळी. तो धरून गणितयंत्र हजारो प्रतिध्वनी जुळवते आणि अठरा-वीस किलोमीटरच्या गोंधळातून ते देऊळ वेगळे काढते. उपग्रहाने तेवढ्या वेळात कापलेले अंतर हीच त्याची वीस किलोमीटरची अँटेना! ती लोखंडाची नसून गणिताची असते. सिंथेटिक अपर्चर, म्हणजे जुळवून केलेला झरोका, हे नाव त्यावरूनच पडले.

ह्या युक्तीचे रडार घेऊन पृथ्वी पाहणारा पहिला बिगरलष्करी उपग्रह ‘सीसॅट’ १९७८ च्या जूनमध्ये अमेरिकेने पाठवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विजेच्या बिघाडाने तो मुका झाला. पण उण्यापुऱ्या शंभर दिवसांत त्याने जे दाखवले, त्यावर पुढची पिढी उभी राहिली. भारताने स्वतः बांधलेला पहिला रडार-उपग्रह ‘रिसॅट-१’ हा २६ एप्रिल २०१२ रोजी वर गेला.

आकाशात उघडलेली छत्री

निसारचे वजन २३९२ किलो. पण त्याची गंमत वजनात नाही, घडीत आहे. बारा मीटर व्यासाची थाळी रॉकेटच्या नाकात मावणे शक्य नाही. म्हणून ती पत्र्याची न करता सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीची केली आणि छत्रीसारखी मिटवून वर नेली. तिच्या सांगाड्यात १२३ काड्या आहेत आणि एवढ्या पसाऱ्याचे वजन अवघे ६४ किलो. एखाद्या मध्यम बांध्याच्या गृहस्थाइतके! जाळीतून भोके दिसतात, मग लहर निसटत नाही का? नाही, भोके लहरीपेक्षा पुष्कळ बारीक असली की लहरीला जाळी ही सलग भिंतच वाटते.

ही छत्री उपग्रहाला चिकटलेली नाही. ९ मीटर लांबीच्या एका दांड्याच्या टोकाला ती आहे. तो दांडाही मनगट, कोपर, खांदा असा सांध्यांत दुमडलेला. लहरी सोडणारी यंत्रे उपग्रहाच्या अंगावर. ती लहर छत्रीवर फेकतात, छत्री ती जमिनीकडे वळवते आणि परतीचा प्रतिध्वनी गोळा करून पुन्हा यंत्रांना देते. जाताना झोत रुंद, सुमारे २४२ किलोमीटरचा पट्टा एकदम उजळणारा. येताना मात्र जवळचे प्रतिध्वनी आधी आणि दूरचे नंतर येतात, त्या क्रमाने यंत्रे आपला कान सरकवत नेतात. रुंद पट्टा आणि बारीक तपशील ह्या सवती एका घरात नांदवण्याची ही नवी तऱ्हा आहे.

ह्या छत्रीने एकदा रडवलेही होते. उपग्रह बंगळूरला जुळून तयार झाला, आणि चाचण्यांवरून असे दिसू लागले की मिटलेल्या अवस्थेत छत्रीचे काही भाग उन्हाने अपेक्षेपेक्षा जास्त तापतील. झाले! छत्री उतरवली, विमानात घातली आणि कॅलिफोर्नियाला परत पाठवली. तिथे उष्णता परतवणारे आवरण चढवून ती २०२४ च्या ऑक्टोबरात बंगळूरला परत आली. उड्डाण वर्षभर लांबले. पण वर गेल्यावर छत्री दुरुस्त करायला कोणी जाणार नव्हते. उशीर परवडला, चूक परवडली नसती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आधी दांड्याचा एकेक सांधा उलगडला आणि १५ ऑगस्टला छत्री पूर्ण उमलली.

त्याच महिन्यात घेतलेल्या पहिल्या चित्रांपैकी एक अमेरिकेच्या मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटाचे आहे. त्यात पाणी काळे दिसते. कारण मोठे सोपे आहे. शांत पाणी रडारला आरशासारखे असते. तिरपी आलेली लहर ते तशीच पुढे ढकलून देते, परत काहीच येत नाही, म्हणून काळे. घराची भिंत आणि तिच्यापुढची जमीन मिळून कोन होतो, त्यात सापडलेली लहर उलट्या पावली परतते. म्हणून वस्ती चकाकते. पुराच्या वेळी वाढणारा काळा भाग म्हणजे पसरणारे पाणी, ढगांखालीसुद्धा, मध्यरात्रीसुद्धा.

कक्षेचे वेळापत्रक

आता आपल्या एस.टी. ड्रायव्हरकडे परत येऊ. पाहणे ही अर्धी गोष्ट. ठरल्या वाटेने ठरल्या वेळी परत येणे ही दुसरी अर्धी. उपग्रहाची वाट म्हणजे त्याची कक्षा, आणि निसारच्या कक्षेइतके काटेकोर वेळापत्रक मी दुसरे पाहिलेले नाही.

निसार उत्तर-दक्षिण फिरतो. एका फेरीला सुमारे १०० मिनिटे लागतात. तो फिरत असताना खाली पृथ्वी स्वतःभोवती पूर्वेकडे फिरत असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच्याखाली नवा पट्टा येतो. उंची अशी निवडली आहे की १२ दिवसांत बरोबर १७३ फेऱ्या पुऱ्या व्हाव्यात आणि १७४ वी फेरी पहिल्या फेरीच्याच वाटेवर पडावी. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४० हजार किलोमीटरहून किंचित जास्त. त्याला १७३ ने भागा. शेजारच्या दोन वाटांत सुमारे २३२ किलोमीटर अंतर येते. आणि रडारचा पट्टा किती रुंद? २४२ किलोमीटर. म्हणजे दोन पट्ट्यांच्या कडा दहा किलोमीटर एकमेकींवर चढतात. पैठणी शिवणाऱ्या शिंप्याने शिलाईला सोडावे तेवढेच कापड! अँटेनाची रचना आणि कक्षेची उंची ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच कोष्टकाची दोन घरे आहेत, हे मला इथे कळले.

दुसरी करामत सूर्याशी जुळवून घेण्याची. पृथ्वी वर्षातून एकदा सूर्याभोवती फिरते. कक्षा जागच्या जागी स्थिर राहिली, तर आज जिथे उपग्रह सकाळी येतो तिथे काही महिन्यांनी दुपारी येईल. हे टाळायला कक्षा रोज सुमारे एक अंश फिरली पाहिजे. त्यासाठी इंधन जाळायचे म्हटले तर टाकी कधीच पुरणार नाही. ते काम पृथ्वीचे पोट करते! पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने मोठी. हा फुगवटा उपग्रहाच्या कललेल्या कक्षेला सतत थोडा ओढतो. कललेला भोवरा फिरत असताना खाली न पडता त्याचा आस सावकाश गोल फिरतो, तशी कक्षाही फिरते. किती फिरावी हे तिच्या कलण्यावर आणि उंचीवर अवलंबून. ७४७ किलोमीटर उंची आणि ९८.४ अंश कल ठेवला, की ती रोज नेमकी हवी तेवढी फिरते.

परिणाम असा, की निसार विषुववृत्त नेहमी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओलांडतो. ज्याच्याजवळ स्वतःचा दिवा आहे त्याला सूर्याची एवढी काळजी कशाला? दिव्याला तेल लागते म्हणून! रडारला वीज पुष्कळ लागते आणि ती सौर पंखांतून येते. दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवरून फिरणाऱ्या उपग्रहावर वर्षातला बहुतेक काळ सतत ऊन राहते. जाताना एकदा आणि येताना एकदा असे धरले तर बारा दिवसांत आपले गाव दोनदा दिसते.

दारावरची पेन्सिलीची खूण

आता सगळ्या खटाटोपाचे फळ. मुलांची उंची मोजायला आपण त्यांना दाराच्या चौकटीला उभे करतो आणि पेन्सिलीने खूण करतो. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच चौकटीला उभे केले तरच वाढ कळते. निसारची चौकट म्हणजे त्याची कक्षा. बारा दिवसांनी तो परत येतो तेव्हा पहिल्या वाटेपासून काही शे मीटरपेक्षा जास्त ढळू नये, अशी त्याची राखण केली जाते.

असे दोन वेळचे प्रतिध्वनी शेजारी ठेवले की एक अद्भुत गोष्ट घडते. लहर परत येते तेव्हा ती चढावर आहे की उतारावर, हेही रडार नोंदवते. चंद्राच्या कला असतात तशी ही लहरीची कला. समजा बारा दिवसांत डोंगराचा उतार उपग्रहाच्या दिशेने तीन सेंटिमीटर सरकला. लहरीची जाण्यायेण्याची वाट मिळून सहा सेंटिमीटरने घटली. चोवीसातले सहा म्हणजे पाव लहर. घड्याळाचा काटा पाव फेरी फिरावा तशी कला बदलली. ७४७ किलोमीटरवरून दोन-तीन बोटांची हालचाल कळली! असे होते हे जगाने प्रथम ठळकपणे पाहिले ते १९९३ साली. युरोपच्या ‘ईआरएस-१’ उपग्रहाने कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे २८ जून १९९२ च्या भूकंपापूर्वी आणि भूकंपानंतर घेतलेली चित्रे फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकमेकांवर ठेवली आणि इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले. प्रत्येक पट्टा २८ मिलिमीटर हालचालीचा. भूकंपाने जमीन कुठे किती हलली ते जणू तिने स्वतःच लिहून दिले होते.

जमिनीखालचे पाणी उपसून खचत चाललेली शहरे, हिमालयातल्या सरकत्या हिमनद्या, भूकंपाच्या भेगा आणि हळूहळू घसरणारे डोंगरउतार यांची अशी पाहणी आता बारा बारा दिवसांनी होऊ शकते. त्यातून निघणारी माहिती जगाला मोफत खुली करण्याचे दोन्ही संस्थांचे धोरण आहे. नासाचा मूळ कार्यक्रम तीन वर्षांचा, इस्रोचा पाच वर्षांचा.

मग माळीण वाचले असते का?

हा प्रश्न मी आमच्या सहकाऱ्यांना विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सर, खोटी आशा दाखवू नका.” ते बरोबर होते. काही दरडी महिनोन्‌महिने इंचाइंचाने सरकतात आणि मग कोसळतात. त्या रडारला आधी दिसू शकतात. काही मात्र एका रात्रीच्या पावसाने माती भिजून एकदम सुटतात. बारा दिवसांनी येणाऱ्याला त्यांची चाहूल लागेलच असे नाही. सह्याद्रीचे कडे इतके उभे, की तिरक्या झोतात काही उतार सावलीत जातात. हवेतली वाफही लहरीला किंचित उशीर लावते आणि जमीन न हलताच हलल्याचा भास होतो. गवत रोज वाढते, त्यानेही जुने-नवे चित्र जुळेनासे होते. लांब लहर हा दोष कमी करते, नाहीसा करत नाही. म्हणून एका चित्रावर न विसंबता अनेक चित्रांची मालिका लागते, आणि ती वाचायला पाऊस, माती, उतार यांची जमिनीवरची माहितीही लागते.

पण ह्यापलीकडची एक गोष्ट यंत्राच्या हातात नाहीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा माळीणला नऊ वर्षे होत आली होती. कोणता उतार धोक्याचा हे उद्या वरून कळेलही. ते कळलेले तालुक्याच्या कचेरीत, तिथून तलाठ्यापर्यंत, तिथून वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचले पाहिजे. आणि त्या घरातल्या माणसाने पावसाळ्यापूर्वी उठून दुसरीकडे जावे, तर त्याला जायला जागा असली पाहिजे. दीड अब्ज डॉलर खर्चाच्या ह्या प्रकल्पाने पाहण्याची सोय केली. ऐकण्याची सोय ज्याची त्याने करायची आहे.

माळीणच्या त्या ड्रायव्हरने दोन गोष्टी केल्या. फरक ओळखला, आणि थांबून तो इतरांना सांगितला. पहिली गोष्ट आता आकाशातून होईल. दुसरी माणसांनीच करावी लागेल.

हा सगळा वृत्तान्त घरी आईला सांगितला, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले. उंची, अंश, फेऱ्या यांतले तिने काही लक्षात ठेवले असेल असे वाटत नाही. शेवटी एवढेच म्हणाली, “म्हणजे दिवा नेलाय, आणि वाटही चुकत नाही. मग आता हाक मारली की ओ द्यायला कुणी जागं आहे ना खाली?”

मी त्यावर उत्तर दिले नाही. ह्या वेळी चिरंजीवही हसले नाहीत.